समुद्रावरच्या एरोसोलची ४० वर्षांची उपग्रह-नोंद: तिच्यावर किती विसंबायचं?

क्षितिजरेषा:
वाळवंटातून उडालेली धूळ, धूर, गंधकाचे कण, लाटांच्या फेसातून उठलेलं मीठ. समुद्रावरच्या हवेतल्या या बारीक कणांचा, म्हणजे एरोसोलचा, सगळा कारभार १९८१ पासून उपग्रह टिपत आहेत. १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा त्यातल्या कणांचं आवरण पृथ्वीभर कसं पसरलं ते याच नोंदीत दिसलं. माझं ठाम मत: नवं उपकरण उशिरा गेलं तरी चालेल, पण ही साखळी तुटता कामा नये.

वाळूघड्याळ:
साखळी म्हणताय ती मुळात एकसंध आहे का? सुरुवातीचं एव्हीएचआरआर हे उपग्रहावरचं उपकरण हवामानासाठी बनवलेलं. दृश्य प्रकाशाच्या पट्ट्यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे मोजणी प्रमाणाशी ताडून बिनचूक ठेवणं, कक्षेत करायची सोय त्यात नव्हतीच, सगळी दुरुस्ती मागाहून. शिवाय त्या उपग्रहांची माथ्यावरून जायची वेळ वर्षागणिक सरकत गेली. खुल्या समुद्रावर एरोसोलची प्रकाशीय जाडी (कण किती प्रकाश अडवतात त्याचं माप) ०.१ च्या आसपास आणि मोडिस या नंतरच्या उपकरणाची अपेक्षित चूकच ०.०३ अधिक मूल्याच्या ५ टक्के. दशकात ०.०१ चा बदल झाला असं कुणी म्हटलं, तर मी तो आधी उपकरणाचा मानेन, हवेचा नंतर. नासाच्या टेरा आणि अ‍ॅक्वा या दोन्ही उपग्रहांवर मोडिसच आहे, तरी दोघांनी दाखवलेले वाढ-घटीचे कल जुळेनात आणि टेराचं कॅलिब्रेशन सुधारावं लागलं.

क्षितिजरेषा:
पण ते जुळत नाहीत हे कळलं कशामुळे? दोन्ही एकाच वेळी वर होते म्हणून! एकटा टेरा असता तर तो खोटा कल आपण खरा मानून बसलो असतो. म्हणूनच जुना आणि नवा उपग्रह काही वर्षं सोबत उडालेच पाहिजेत. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आली. ढगांत उमटणाऱ्या जहाजांच्या रेघा त्यानंतर घटल्या, हे आधीच्या नोंदीशिवाय कशाशी ताडून पाहिलं असतं?

खारावारा:
दोघंही वरूनच बघताय. दक्षिण महासागरावर उपग्रह एरोसोलचा जाड पट्टा दाखवत होते. जहाजांवरून हातात धरायच्या फोटोमीटरने (सूर्यप्रकाश मोजून कणांची जाडी काढणाऱ्या यंत्राने) मोजलं तर मूल्यं बरीच कमी निघाली. वाऱ्याने उठलेला फेस आणि ढगांच्या कडा कण म्हणून मोजल्या जात होत्या. ती मोजणी मॅरिटाइम एरोसोल नेटवर्कची, आणि उपग्रहाच्या मानाने खर्च नगण्य. आधी ती वाढवा.

वाळूघड्याळ:
@खारावारा, सहमत. आणि नुसती जाडी मोजून कण कुठल्या उंचीवर आहेत ते समजत नाही. कॅलिप्सो उपग्रहावरचा लिडार लेसरचे झोत सोडून ते सांगायचा, तो २०२३ मध्ये थांबला. माझा पैसा अशा उपकरणांवर.

क्षितिजरेषा:
जहाजांचा मुद्दा मान्य, मी तो धरलाच नव्हता. पण ते फोटोमीटर जिथे जहाज जातं तिथलंच सांगतात. इकडे टेराचं कक्षा राखायचं इंधन संपत आल्याने २०२० पासून त्याची सकाळी साडेदहाला माथ्यावरून जायची वेळ सरकते आहे आणि मोडिसची जागा घेणारं व्हीर्स हे उपकरण असलेले तिन्ही उपग्रह दुपारी जाणारे. सकाळची मालिका कोण पुढे नेणार?

वाळूघड्याळ:
युरोपचा सेंटिनेल-३ सकाळी दहाच्या सुमारास जातो, तोही २०१६ पासून.

क्षितिजरेषा:
जातो, पण त्याचं उपकरण वेगळं आणि बघायचे कोनही वेगळे. टेरासोबतची ही वर्षं आहेत तोवर दोघांची समुद्रावरची मूल्यं जागोजागी, ऋतूनुसार ताडून घ्या. टेरा बंद झाल्यावर ते करता येणार नाही.