शोअर फ्लाय: किनारमाशी, काठमाशी की पाणमाशी?

हिप्परगेकर: सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर मुलांना घेऊन जातो, त्यांच्यासाठी चार पानी पुस्तिका करतोय. पक्षी झाले, कीटकांत 'शोअर फ्लाय'पाशी अडलोय. मी 'किनारमाशी' लिहिलं. बायकोनं तपासताना खोडलं. "किनारा समुद्राला, तळ्याला काठ." पटलं. पण 'काठमाशी' वाचलं की मला काठीच आठवते.

माशी कोणती ते सांगतो. पाणी मागं सरलं की ओल्या गाळावर शेवाळाचा हिरवा पापुद्रा धरतो. त्यावर तांदळाच्या कणीएवढ्या काळपट माश्या बसतात. पाऊल टाकलं की वीतभर उडतात आणि परत तिथंच. भिंगाखाली धरली तर तोंड सुजल्यासारखं पुढं आलेलं दिसतं. त्यानं ती शेवाळ, जिवाणू खरवडून खाते. याला शब्द सुचवा.

भीमाकाठ: त्यांना चिलटंच म्हणतात की मालक! आमची आजी कानडी, ती सगळ्यांनाच 'नोण' म्हणायची. पूर्व भागातले शेजारी तेलुगूत 'ईग' म्हणतात. नवा शब्द कशाला पाडायचा?

शब्दवेल्हाळ: चिलट म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंघावणारं, तो ड्रॉसोफिला. दोन वेगळी कुळं एका नावाखाली कोंबू नका. संस्कृतात शब्द तयार असताना अडायचं कारण नाही: तटमक्षिका. नेमका आहे, आणि शास्त्रीय लेखनाला भारदस्तपणा हवाच.

हिप्परगेकर: कुळं वेगळी, पण भावकी जवळची आहे हो. वर्गीकरणात ही माशी ड्रॉसोफिलाच्याच मोठ्या गटात, एफिड्रॉइडियात बसते. त्यामुळं भीमाकाठांच्या आजी फार चुकल्या नाहीत. 'तटमक्षिका' मात्र पाचवीतल्या पोराच्या तोंडी बसणार नाही.

रानवाटा: मुळात 'काठ' धरून बसण्यातच चूक आहे. या कुळात जवळपास २००० जाती आहेत आणि बऱ्याच काठावर राहतही नाहीत. एकीच्या अळ्या लॉस एंजेलिसजवळच्या ला ब्रेआच्या डांबरी डबक्यांत, कच्च्या तेलात वाढतात. तेल पोटात जातं, पण ते त्यांचं अन्न नव्हे. तेलात चिकटून मेलेले किडे त्या खातात. याच कुळातल्या हायड्रेलिया माश्यांच्या अळ्या पान आतून पोखरतात, त्यातली एक भातावरची कीड आहे. ऑक्थेरा ही आणखी एक माशी, तिचे पुढचे पाय प्रार्थना कीटकासारखे जाड, ती शिकारच करते. यातल्या कुणाला काठमाशी म्हणणार?

टोमॅटोवाला: पान आतून पोखरणाऱ्या अळीला आम्ही नागअळी म्हणतो. पानावर पांढरी नागमोडी रेघ उमटते म्हणून. टोमॅटोवरची नागअळी दुसऱ्या कुळातली, हे कृषी सहायकांनी सांगितलंय. पण शब्द असा असावा, बघितल्याबरोबर सुचलेला.

पाणकोंबडी: शास्त्रीय नावच बघा ना. स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ फालेन यांनी १८१० साली यातल्या एका गटाला एफिड्रा हे नाव दिलं, त्याचं मूळ ग्रीक, अर्थ साधारण 'पाण्यावरची'. आपल्याकडं पाणकोंबडी, पाणघोडा, पाणकावळा, मग पाणमाशी का नको?

कॅलिफोर्नियात मोनो लेक म्हणून सरोवर आहे, समुद्राच्या जवळपास तिप्पट खारट. तिथली एफिड्राची माशी अंगाभोवती हवेचा बुडबुडा घेऊन पाण्यात उतरते, तळाशी चालते आणि कोरडी वर येते. अंगावर दाट केस आणि मेणाचा थर. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, तसंच. तिथल्या मूळ रहिवाशांचं नाव कुटझाडिका, म्हणजे 'माशी खाणारे'. हिचे कोष ते वाळवून खात. एका माशीवरून अख्ख्या समाजाचं नाव पडलं! तिला 'तटमक्षिका' म्हणणं मला अन्याय वाटतो.

शब्दवेल्हाळ: पाणमाशी ऐकून लोकांना डासच वाटेल. आणि 'काठ'ही तुम्हाला वाटतो तितका देशी नाही. तो संस्कृत 'कंठ'वरून आलाय.

भीमाकाठ: कंठ कसला? कानडीत 'कट्टे' म्हणजे बांध, ओटा. तळ्याचा कट्टा तोच तळ्याचा काठ. सोलापुरात राहून कानडी नाकारू नका.

शब्दवेल्हाळ: कट्ट्यातला ट काठात ठ कसा झाला, ते दाखवा. नुसत्या ऐकण्यावर व्युत्पत्ती होत नाही.

मागवाला: माझं सगळं घर मागावर बसलेलं. साडीचा तो काठ, धोतराची ती किनार. साडीची किनार म्हणणाऱ्याला आमचे वडील गिऱ्हाईक समजत, विणकर नाही. म्हणजे काठ-किनाऱ्याचा फरक नुसता पाण्याचा नाही.

रानवाटा: आमच्या मोहोळकडं साडीलाही किनारच म्हणतात. बारीक असली तर किनार, रुंद असली तर काठ.

मागवाला: रुंदीचा संबंध नाही ताई. उद्या आईला विचारून लिहितो.

हिप्परगेकर: विचाराच. पण पुस्तिका सोमवारी छापायला जातेय. सध्या 'पाणमाशी' ठेवलंय आणि खाली 'गाळावर बसणारी' अशी ओळ टाकलीय.

भीमाकाठ: 'कट्टे'चं माझं अजून मिटलेलं नाही. कुणाकडं जुना कानडी कोश आहे का?