स्पेशल्स राजकारणामुळे फुटले? मला हे मान्य नाही

अर्धमात्रा
परवा इथे एक लेख आला, ‘गाण्यात राजकारण शिरलं की बँड संपतो’. उदाहरण इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या स्पेशल्स या बँडचं. लेखकाचं म्हणणं असं की १९७९ साली ही मंडळी आली, त्यांनी स्कावर (रेगेच्या आधीचं जमैकातलं वेगवान नाचाचं संगीत) लोकांना नाचवलं, मग उपदेश सुरू झाला, नाचणारे कंटाळले आणि १९८१ साली ‘घोस्ट टाउन’ पहिल्या नंबरावर असताना बँड फुटला. साल बरोबर आहे, निष्कर्ष साफ चुकलेला आहे.

कंटाळलेले लोक एखादं गाणं तीन आठवडे पहिल्या नंबरावर ठेवतात का? पहिली तबकडी ‘गँगस्टर्स’ सहाव्या नंबरावर गेली होती. ‘रॅट रेस’ पाचव्या, ‘डू नथिंग’ चौथ्या आणि सगळ्यात राजकीय असलेलं शेवटचं गाणं पहिल्या. हा उतार कुठल्या बाजूने बघितला तर दिसतो?

आणि राजकारण नंतर शिरलं म्हणजे काय? ते पायाभरणीतच होतं. १९७६ मध्ये एरिक क्लॅप्टनने बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून स्थलांतरितांविरुद्ध बोलणाऱ्या इनॉक पॉवेल या नेत्याची तळी उचलली, त्याच्या संतापातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. त्याच हवेत कीबोर्डवाल्या जेरी डॅमर्सने हा बँड जमवला. (डॅमर्सचा जन्म आपल्याकडचा, उटीचा. वडील पाद्री.) सात जण, त्यातले लिनव्हल गोल्डिंग आणि नेव्हिल स्टेपल जमैकात जन्मलेले.

ते स्काकडे कसे वळले ते बघा. १९७८ मध्ये ते द क्लॅशच्या दौऱ्यात आधी वाजवायचे, तेव्हा एकाच गाण्यात पंक आणि रेगे आलटून-पालटून येत. पंकवर उड्या मारणारे रेगे सुरू झालं की थांबत. ठेका अर्ध्यात बदलला की पाय अडखळणारच. स्काने तो पेच सुटला: वेग पंकच्या जवळचा आणि गिटारचा ठोका रेगेसारखा दोन मात्रांच्या मधे. काळ्या-गोऱ्यांना एकाच ठेक्यावर नाचवायचं हे आधी ठरलं, स्का त्यासाठी आला. राजकारण काढून टाकलंत तर संगीतही उरत नाही.

फुटले ते कामाच्या पद्धतीमुळे. दोन वर्षं जवळजवळ अखंड दौरे, आणि दुसऱ्या अल्बमच्या वेळी तीन जणांची तीन दिशांना तोंडं. डॅमर्सला हॉटेलच्या लॉबीत वाजतं तसलं ऑर्गनचं संगीत हवं होतं, गिटारवाल्या रॉडीला रॉकाबिली आणि ड्रमर ब्रॅडबरीला नॉर्दर्न सोल. हे भांडण थॅचरबाईंवरून नव्हतं.

तिसरी घंटा
लेखाशी मीही सहमत नाही, पण तुमचं उत्तर फार सोयीचं आहे. राजकारण म्हणजे फक्त गाण्याचे शब्द, असं धरून चालला आहात. स्टेजसमोर काय चाललं होतं ते विसरलात?

स्पेशल्सच्या गर्दीत नॅशनल फ्रंट या वंशद्वेष्ट्या पक्षाचे स्किनहेड, म्हणजे डोकं भादरलेली पोरं, असायची. त्यांनाही स्का आवडायचा, तीही तिकीट काढून यायची. रोज रात्री वाजवणं थांबवून मारामारी सोडवायची, हे काम कुठल्या बँडला जमेल? ऑक्टोबर १९८० मध्ये केंब्रिजच्या कार्यक्रमात प्रेक्षक आणि सुरक्षारक्षक यांच्यात जुंपली. डॅमर्स आणि गायक टेरी हॉल मधे पडले, तर चिथावणीचा आरोप ठेवून पकडलं त्यांनाच, आणि दंडही त्यांनाच. लिनव्हलला त्याच वर्षी लंडनमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी बेदम मारलं. ‘घोस्ट टाउन’च्या मागच्या बाजूचं ‘व्हाय?’ हे त्याचं गाणं त्यातूनच आलं. एप्रिल १९८१ मध्ये कॉव्हेंट्रीत भर रस्त्यात एका शीख विद्यार्थ्याचा खून झाला, तेव्हा जूनमध्ये बँडने गावात वंशद्वेषाविरुद्ध मैफल ठेवली. नॅशनल फ्रंटने त्याच दिवशी मोर्चा काढला.

इतकं सोसल्यावर माणसं थकतात. तो थकवा राजकीयच आहे. ‘कामाची पद्धत’ म्हणून तो कोपऱ्यात सारू नका.

शेवंती
दोघांनीही ‘घोस्ट टाउन’ ध्वनिमुद्रित कसं झालं ते सोडून दिलंत. फूट तिथे दिसते, अगदी उघडी.

दुसरा अल्बम ‘मोअर स्पेशल्स’ चोवीस ट्रॅकवर, म्हणजे टेपवरच्या चोवीस सुट्या पट्ट्यांवर, झाला होता. डॅमर्सला त्याचा वीट आला, म्हणून तो लेमिंग्टन स्पाच्या वुडबाइन स्ट्रीटवरच्या एका घरातल्या आठ ट्रॅकच्या स्टुडिओत गेला. निर्माता जॉन कॉलिन्स. खोली इतकी लहान की सगळ्यांनी एकत्र वाजवायचा प्रश्नच नव्हता, एकेक वाद्य स्वतंत्र चढवलं. आता हिशेब करा. सात जण, शिवाय रिको रॉड्रिग्झचं ट्रॉम्बोन, डिक कथेलचं ब्रास (पितळी फुंकवाद्य) आणि बासरी. ट्रॅक आठच. असं असलं की दोन-तीन वाद्यं एकाच ट्रॅकवर एकत्र करावी लागतात, आणि एकदा केली की पुन्हा सुटी होत नाहीत. ब्रास मोठं झालं, ऑर्गन दबला, तर नुसता ऑर्गन वर काढता येत नाही. म्हणून कुणी काय वाजवायचं, किती वाजवायचं हे आधी ठरवावं लागतं. ते ठरवणार कोण? ज्याच्या डोक्यात पूर्ण गाणं आहे तोच. बाकीचे बाहेर बसून आपली पाळी कधी येते ते बघणार, आणि आल्यावर नेमून दिलेले सूर वाजवणार. रॉडीने वैतागून स्टुडिओची भिंत लाथांनी फोडायला घेतली होती ती उगाच नाही.

पण त्याच पद्धतीमुळे गाणं झालं, हेही लक्षात घ्या. मोकळी जागा आहे त्यात. स्कामध्ये गिटारवाला डाव्या हाताची बोटं तारेवरून लगेच सैल करतो, आवाज तिथल्या तिथे तुटतो. तो लांबला तर उसळी मरते. इथे वेग उतरवलाय, तुकडे तसेच ठेवलेत, म्हणून प्रत्येक ठोक्यानंतर पोकळी जाणवते. त्यावर डिमिनिश्ड कॉर्ड, जे कुठेच स्थिरावत नाहीत. सुरुवातीचा-शेवटचा भुतासारखा आवाज कॉलिन्सने ट्रान्सेंडंट २००० या सिंथेसायझरवर काढला. हे यंत्र सुटे भाग आणून घरी जोडायचं असे. मिक्सिंगसुद्धा त्याने टॉटनहॅममधल्या आपल्या घरीच केलं. सातांच्या बैठकीत मतं घेऊन हे गाणं झालं नसतं.

खडूफळा
ऑर्गन कुणाचा, सिंथ कुणाचा, भिंत कुणी फोडली. मूळ मालकांचं नाव एकाने तरी घेतलं का?

‘गँगस्टर्स’ म्हणजे जमैकाच्या प्रिन्स बस्टरच्या १९६४ च्या ‘अल कॅपोन’वर उभारलेलं घर. सुरुवातीला गाडीचे टायर किंचाळतात तो आवाजसुद्धा त्याच्याच तबकडीवरून उचललेला. ‘टू मच टू यंग’ लॉइड चार्मर्सच्या ‘बर्थ कंट्रोल’वर बेतलेलं, आणि ते १९८० मध्ये पहिल्या नंबरावर गेलं. समतेच्या गोष्टी सांगणाऱ्या बँडने जमैकातल्या किंग्स्टनचा माल कॉव्हेंट्रीचा शिक्का मारून विकला. इंग्लंडातल्या गोऱ्या बँडांचं राजकारण इथेच उघडं पडतं आणि इथेच तुम्ही सगळे गप्प होता.

शेवंती
खडूफळा, ‘गोऱ्या बँडांचं’ म्हणून लिनव्हल आणि नेव्हिलला एका फटक्यात पुसून टाकलंत. हे बरं आहे! आणि रिको रॉड्रिग्झ कोण? किंग्स्टनच्या अल्फा शाळेत शिकलेला माणूस. डँडी लिव्हिंगस्टोनच्या १९६७ च्या मूळ ‘रूडी’वर ट्रॉम्बोन त्याचंच, आणि १९७९ च्या स्पेशल्सच्या ‘रूडी’वरही त्याचंच. नक्कल करणारे लोक मूळ वादकाला शोधून आणून शेजारी उभं करत नाहीत. टू टोनने, म्हणजे स्पेशल्सच्याच लेबलने, त्याचे स्वतःचे दोन अल्बम काढले, १९८१ आणि १९८२ मध्ये. उघड उघड दुसऱ्यांची असलेली गाणी, ‘मंकी मॅन’ वगैरे, मूळ रचनाकारांच्या नावानेच आहेत.

खडूफळा
रिकोचे अल्बम काढले, मान्य. पण ते किती जणांनी घेतले आणि ‘गँगस्टर्स’ किती जणांनी घेतलं? मान देणं वेगळं, हिस्सा देणं वेगळं. पैशाचं बोला.

गिरणगाव
पैशाचं बोलायचंच तर नीट बोलू, कारण मूळ प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे.

‘गँगस्टर्स’ची पहिली खेप ५,००० ची, वाटप रफ ट्रेडकडे. मागच्या बाजूसाठी दुसरं गाणं मुद्रित करायला पैसे उरले नव्हते, म्हणून नोएल डेव्हिसचं आधीच तयार असलेलं वाद्यसंगीत तिथे टाकलं, आणि त्यातून सिलेक्टर हा दुसरा बँड उभा राहिला. मग क्रिसालिस या तबकडी कंपनीशी करार झाला. टू टोनची रीत अशी की नव्या बँडने एक तबकडी काढावी आणि हवं तर चालू लागावं. मॅडनेस एका तबकडीनंतर स्टिफ या दुसऱ्या लेबलकडे गेले, द बीटने एकीनंतर स्वतःचं लेबल काढलं. अडवणूक नाही. राजकीयदृष्ट्या हे फार मोठं होतं, पण धंदा म्हणून बघा: ज्याची बी तुम्ही पेरली त्याचं पीक दुसऱ्याच्या खळ्यावर गेलं. लेबल चालवायचं ओझं मात्र स्पेशल्सच्या, त्यातही डॅमर्सच्या डोक्यावर.

आता आतला हिशेब. बँडला तबकडीवर मिळणारी रॉयल्टी आणि रचनाकाराला मिळणारी रॉयल्टी या वेगळ्या. पहिलीतून कंपनी आधी स्टुडिओचा खर्च आणि उचल वळती करते, वादकाच्या हातात पैसे येतात ते त्यानंतर. रचनाकाराचा हिस्सा असा कापला जात नाही, तो पहिल्या प्रतीपासून सुरू होतो. म्हणजे एकाच बसमधून एकच दौरा करणाऱ्या सात जणांपैकी जो गाणी लिहितो त्याच्या खात्यात आधी पैसे. दोन वर्षांत हा फरक डोळ्यांवर येतोच. बेबनाव व्हायला कुणी लबाडी करायची गरज नाही, कराराची रचनाच पुरते.

अर्धमात्रा
म्हणजे मी म्हणत होते तेच. कामाची पद्धत.

तिसरी घंटा
नाही, तुम्ही म्हणत होता ते नाही. गिरणगाव म्हणतात ती मालकीची गोष्ट आहे, आणि मालकी हाच राजकारणाचा पहिला धडा. स्टेजवर समता आणि हिशेबाच्या वहीत एक धनी, हे सातांनाही दिसत होतं. राजकारणाने बँड फुटला असं मी म्हणतो ते या अर्थाने. परवाच्या लेखकाच्या अर्थाने नव्हे.

शेवंती
‘एक धनी’ हे अन्यायाचं आहे. ‘घोस्ट टाउन’ डॅमर्सचं एकट्याचं, पण मागची दोन्ही गाणी त्याने दुसऱ्यांची ठेवली: लिनव्हलचं ‘व्हाय?’ आणि टेरी हॉलचं ‘फ्रायडे नाइट, सॅटर्डे मॉर्निंग’. १९५६ च्या ब्रिटिश कायद्याने रचनेची रॉयल्टी किरकोळ किमतीच्या सव्वासहा टक्के, आणि त्यात दोन्ही बाजूंची गाणी वाटेकरी. लोकांनी तबकडी ‘घोस्ट टाउन’साठी घेतली, पण प्रत्येक प्रतीमागे लिनव्हल आणि टेरीला पैसे गेले. सगळं स्वतःकडे ओढणारा माणूस मागची बाजूही स्वतःच्याच गाण्यांनी भरतो. बऱ्याच जणांनी भरलीही आहे.

गिरणगाव
हा मुद्दा माझ्याकडून सुटला, खरं आहे. फक्त एक भर: रेडिओवर वाजल्याचे पैसे जे गाणं वाजलं त्याच्याच रचनाकाराला. त्या उन्हाळ्यात वाजत होती ती पुढची बाजू.

खडूफळा
आणि ‘अल कॅपोन’ वाजत नव्हतं. तुमच्या सव्वासहा टक्क्यांत किंग्स्टन कुठे बसतं ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

अर्धमात्रा
खडूफळा, तुमचा मुद्दा खोटा नाही, पण तुम्ही तो इथे दगडासारखा भिरकावताय. जमैकातल्या निर्मात्यांनी स्वतःच्या गायक-वादकांना काय दिलं, तोही हिशेब मांडा मग. तिथेही बहुतेकांना एकरकमी पैसे देऊन वाटेला लावत. कॉव्हेंट्रीच्या पोरांवर सगळं खापर फोडून तो इतिहास बदलत नाही.

तिसरी घंटांना एवढं देते: स्किनहेडांचा त्रास मी मोजला नव्हता, तो मोजायला हवा होता. पण मग ‘राजकारणामुळे’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे ठेवा. बँडने राजकारण केलं म्हणून नव्हे, राजकारण बँडवर चालून आलं म्हणून. परवाचा लेख पहिलं म्हणतो आणि ते खोटं आहे.

अजून एक चूक त्या लेखात आहे आणि ती सगळीकडेच होते. ‘घोस्ट टाउन’ दंगलींवरचं गाणं नाही. मुद्रण एप्रिल १९८१ चं, तबकडी जूनची. लंडनच्या साउथॉलमधलं हॅम्ब्रो टॅव्हर्न जळलं ते ३ जुलैला. तिथे स्किनहेड बँडांचा कार्यक्रम होता आणि त्या वस्तीतली आपली पंजाबी पोरं रस्त्यावर उतरली होती. लिव्हरपूलचं टॉक्स्टेथही त्याच सुमाराला पेटलं. डॅमर्सला ते गाणं दौऱ्यात सुचलं. ग्लासगोच्या रस्त्यावर म्हाताऱ्या बायका घरातल्या कपबश्या विकायला बसलेल्या त्याने बघितल्या. त्यांच्या कॉव्हेंट्रीत कॅनलीच्या कारखान्यात गाड्या जोडणं १९८० मध्ये थांबलं होतं. आधी गाणं आलं, मग गावं पेटली.

तिसरी घंटा
ही दुरुस्ती योग्य. पण मग फुटल्यानंतरचं घ्या, तिथे तुमचा ‘कामाची पद्धत’वाला सिद्धान्त उघडा पडतो. बीबीसीच्या टॉप ऑफ द पॉप्स या कार्यक्रमाच्या मेकअपच्या खोलीत टेरी, लिनव्हल आणि नेव्हिल यांनी निघतो म्हणून सांगितलं आणि फन बॉय थ्री काढला. डॅमर्स नव्या लोकांना घेऊन स्पेशल एकेए म्हणून दोन वर्षांहून जास्त काळ स्टुडिओत अडकला. पद्धत तीच, उलट आणखी कडक. १९८४ चा अल्बम ३४ व्या नंबराच्या पुढे गेला नाही आणि कंपनीचं देणं डोक्यावर राहिलं. तरी त्यातूनच ‘नेल्सन मंडेला’ निघालं आणि नवव्या नंबरावर गेलं. मग त्याने दक्षिण आफ्रिकेवरच्या बहिष्कारासाठी कलावंतांची संघटना उभारली, आणि ११ जून १९८८ ला वेम्बलीत मंडेलांच्या सत्तरीची मैफल झाली. पद्धतीने माणसं तोडली हे मान्य, पण त्या माणसाला राजकारणानेच चालतं ठेवलं.

शेवंती
शेवटच्या वाक्याशी सहमत, कुरकुरत का होईना. २००९ च्या पुनर्मीलनात तो नव्हता आणि गाणी बरीचशी त्याचीच होती, हेही तुमच्या बाजूने लिहून ठेवा.

आता ज्यांना वाद घालायचाय त्यांनी आधी तबकडी उलटून ‘व्हाय?’ ऐका, मग बोलू. एकदा फक्त ठेक्यासाठी ऐका. पहिली मात्रा कुठे रिकामी सोडली आहे आणि तिसरीवर काय पडतं तेवढं मोजा.

खडूफळा
ऐकतो. तुम्ही ‘अल कॅपोन’ ऐका.