मदत हवी आहे: यूकेत जॉब करून केअरर्स अलाउन्स (आजारी-वृद्ध माणसाची काळजी घेणाऱ्याला मिळणारा सरकारी भत्ता)
नमस्कार मंडळी, आम्ही लेस्टरला असतो, सासूबाई ब्रिटिश सिटिझन, त्यांना अटेंडन्स अलाउन्स (वृद्धांना देखभालीसाठी मिळणारा सरकारी भत्ता) चालू आहे आणि त्यांचं सगळं मीच बघते, केअरर्स अलाउन्ससाठी लागणारे आठवड्याचे 35 तास तर सहज भरतात (रात्रीचं उठणं धरलं तर विचारूच नका). सोबत दुकानात पार्टटाइम जॉब. एप्रिल 2025 मध्ये कमाईची लिमिट आठवड्याला 196 पाउंड झाली होती, तीही टॅक्स, नॅशनल इन्शुरन्स आणि आपल्या पेन्शन हप्त्याचा अर्धा भाग वजा करून, एवढं कळलं. पण माझ्या शिफ्ट कमीजास्त होतात, डिसेंबरात ओव्हरटाइम असतो, आणि लिमिटच्या वर एक पाउंड गेला तरी पूर्ण केअरर्स अलाउन्स जातो! कोणी कमाईची सरासरी धरायला लावलीय का? किती आठवड्यांची? पेस्लिप कधी पाठवायच्या? ओळखीच्या एका ताईंना मागचे पैसे परत भरावे लागले, म्हणून धास्ती वाटते.