ताप नाही तरी विडाल पॉझिटिव्ह, हा टायफॉइड आहे का?

धंतोलीचा भाऊ: हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये विडाल (रक्तात टायफॉइडच्या जंतूविरुद्धच्या अँटीबॉडीज शोधणारी टेस्ट) होती म्हणून केली. ताप नाही, पोट ठीक, आदल्या दिवशी तर्री पोहे हाणले होते, अन् रिपोर्टमध्ये जंतूच्या दोन भागांविरुद्धच्या अँटीबॉडीज, ओ १:८०, एच १:१६०, खाली लाल अक्षरात पॉझिटिव्ह. बायको म्हणे गोळ्या सुरू करा. मी म्हणतो काऊन बे? आपल्याकडे टायफॉइड वर्षानुवर्षं फिरून राहिला, कोणाला लहानपणी झाला, कोणाला नकळत येऊन गेला, कोणी लस घेतली. धडधाकट माणसाच्या रक्तात अँटीबॉडीज निघणारच ना!

महालवाली काकू: बोलायला सोपं आहे भाऊ. माझ्या पोराला पाच दिवस १०३ ताप, डॉक्टरांनी विडाल पाहूनच गोळ्या दिल्या, तिसऱ्या दिवशी उतरला. कल्चरचा (रक्तातले जंतू वाढवून पाहायच्या टेस्टचा) रिपोर्ट यायला तीन-चार दिवस, तोवर पोराला तळमळत ठेवू का?

सुईवाला: लॅबमध्ये असतो म्हणून सांगतो. १:८० म्हणजे सीरम (रक्तातलं पेशींशिवायचं पाणी) ८० पट पातळ केलं तरी त्यातल्या अँटीबॉडीजमुळे टेस्टमधल्या जंतूंच्या गुठळ्या दिसल्या. स्लाइडवर तर डोळ्यानेच ठरवतो आम्ही, गर्दीच्या वेळी दोघांचं उत्तर दोन निघतं. टेस्ट १८९६ची आहे, अन् नियम असा की १०-१४ दिवसांनी परत रक्त घ्यायचं, अँटीबॉडीजच्या आकड्यात चौपट वाढ दिसली तर खरं. दुसऱ्यांदा येतो कोण? आणि काकू, मलेरियाच्या तापातही जुन्या अँटीबॉडीज वर येतात. तुमच्या पोराचा ताप कदाचित आपोआपच उतरायचा होता.

महालवाली काकू: कदाचित! आईला कदाचित चालत नाही रे बाबा.

इतवारी एक्सप्रेस: काकूंच्या बाजूने एक मुद्दा. निरोगी लोकांत १:८० निघतं म्हणून कटऑफ (ज्या आकड्यापासून पॉझिटिव्ह म्हणायचं ती मर्यादा) वर नेला तर पहिल्या आठवड्यातले खरे पेशंट सुटतील, तेव्हा अँटीबॉडीज पुरत्या बनलेल्याच नसतात. कल्चरमध्येही सगळे सापडत नाहीत, त्यात आधीच कोणी मेडिकलवरून अँटिबायोटिक घेऊन बसलेला असला तर संपलंच.

सुईवाला: बरोबर, म्हणून कटऑफ त्या त्या गावच्या निरोगी लोकांचं रक्त तपासून ठरवायचा असतो. आमच्याकडे किटच्या कागदावर छापलाय तोच चालवतात. अन् बिनतापाच्या माणसाची विडाल पॅकेजमध्ये घुसवणं म्हणजे निव्वळ धंदा.

धंतोलीचा भाऊ: गोळ्यांचं पाकीट फ्रिजवर पडून आहे. बायको तीन दिवसांपासून बोलून नाही राहिली.