तलवारी खोट्या वाटतात, कारण...

'अ सामुराई इन टाइम' या जपानी चित्रपटातल्या तलवारी हलक्या दिसतात, असं कुणीतरी म्हटलंय. अहो, एदो काळाच्या (जपानमधल्या शोगुनांच्या राजवटीच्या) अखेरचा सामुराई, म्हणजे योद्धा, विजेच्या लोळाने थेट आधुनिक काळातल्या क्योतोच्या फिल्म स्टुडिओत येतो आणि पडद्यावर वार खाऊन मरायचं काम धरतो. खोटी तलवार हीच तर गंमत!

जपानी मारामारीच्या चित्रीकरणात बहुधा ताकेमित्सू असते : बांबूचं किंवा लाकडाचं पातं, वर चंदेरी मुलामा. खरी काताना, म्हणजे सामुराईची तलवार, साधारण किलोभर, ही बरीच हलकी. नट नुसत्या मनगटाने फिरवतो आणि बिंग फुटतं. वार कंबरेतून काढला, शेवटी पातं आवरून धरलं, की वजन दिसतं. बाकी भार मरणाऱ्यावर. तो क्षणभर आधी कोसळला की मुसळ केरात. कॅमेरा बाजूला असेल तर दोघांमधलं अंतरही उघडं पडतं. म्हणून कॅमेरा मारणाऱ्याच्या पाठीशी लावायचा.