अदमासाच्या सनांपुढे ‘सर्का’ लिहावे का?

चर्चाप्रस्ताव

इंग्रजी इतिहासग्रंथांत आणि संग्रहालयांच्या सूचींत अदमासाने ठरवलेल्या सनाआधी ‘सर्का’ हा लॅटिन शब्द किंवा त्याचे आद्याक्षर छापतात. मराठीत असा सन बहुधा उघडाच छापला जातो आणि पुढे तो निर्विवाद होऊन बसतो. श्रवणबेळगोळच्या ‘श्रीचावुंडराजें करवियलें’ या ओळीचेच पाहा. त्या ओळीत शक कोरलेला नाही. गोमटेश्वराची मूर्ती चामुंडरायाने (ओळीतला चावुंडराज) दहाव्या शतकाच्या अखेरीस उभारली, त्यावरून इ. स. ९८३ हे वर्ष पुढे आले. उलट, शेजारी गंगराजाचे, म्हणजे बाराव्या शतकातील होयसळ सेनापतीचे, नाव असलेली ओळ आहे आणि दोन्ही ओळी एकाच वेळी, म्हणजे बाराव्या शतकात, कोरल्या गेल्या असे काही अभ्यासक मानतात. तरीही स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांत ९८३ ठामपणे येते. ‘सुमारे’ हा शब्द आपण बाजारभावापासून गर्दीपर्यंत सगळीकडे वापरतो, त्यामुळे तो डोळ्याला अडत नाही. ‘सर्का’ अडेल, आणि अडावा हीच माझी अपेक्षा आहे.

प्रतिसाद १

प्रस्तावकांची तक्रार रास्त आहे, उपाय मात्र अनावश्यक आहे. मराठी विश्वकोशाने ‘सु.’ हे संक्षिप्त रूप नियमाने वापरलेले आहे आणि ‘इ. स. पू. सु.’ अशी मांडणी वाचताना कोणाचाही गोंधळ होत नाही. आद्याक्षर देवनागरीत आणायचे तर ‘इ. स. स. ९८३’ असे काहीतरी विचित्र छापावे लागेल. शिवाय मूळ लॅटिन उच्चार ‘किर्का’ आहे. इंग्रजांनी केलेला उच्चार आपण लॅटिन म्हणून का मिरवायचा?

प्रतिसाद २

माझा आक्षेप ‘सर्का’ला जितका आहे तितकाच ‘सु.’लाही आहे, कारण दोन्ही चिन्हे अनिश्चिततेचे प्रकार एकाच पोत्यात भरतात. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पाच यवन राजांची नावे आहेत आणि त्यांच्या कारकिर्दी ग्रीक इतिहासातून ठाऊक आहेत, म्हणून त्याचे राज्यारोहण इ. स. पू. २६८च्या आसपास ठेवताना चूक झालीच तर थोड्या वर्षांची होते. नाणेघाटातील सातवाहन लेखाचा काळ मुख्यतः अक्षरवटिकेवरून, म्हणजे अक्षरांच्या वळणावरून, ठरतो आणि तिथे मतभेदाची मजल शतकापर्यंत जाते. दोन्हींपुढे एकच चिन्ह लावले तर वाचकाला काय कळले?

याहून मोठा घोळ विवाद्य तिथींचा आहे. शिवजन्माच्या दोन तिथी सांगितल्या जात: वैशाख शुद्ध २, शके १५४९ आणि फाल्गुन वद्य ३, शके १५५१. दुसरी जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या तिथीवार नोंदींत) आहे आणि तीच आता सर्वमान्य आहे. पण वाद चालू असतानाही ‘सर्का १६२८’ असे मधलेच वर्ष लिहिणे म्हणजे कोणत्याही साधनात नसलेले वर्ष जन्माला घालणे ठरले असते. ज्ञानेश्वरांच्या जन्माचेही तसेच आहे. शके ११९३ आणि शके ११९७ अशा दोन परंपरा आहेत आणि तिथे ‘किंवा’ लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

प्रतिसाद ३

शक आणि सन यांच्या रूपांतराचाही यात समावेश करावा. शकात ७८ मिळवण्याची सवय असल्यामुळे फाल्गुन शके १५५१ चे १६२९ होते, पण शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्याने प्रत्यक्षात ती तिथी १९ फेब्रुवारी १६३० ची (आणि तीही ज्यूलियन, ग्रेगोरियन गणनेने १ मार्च). ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ आहे, महिना नाही. तेव्हा तिथे १२९०-९१ असे जोडवर्ष लिहावे. साधन निःसंदिग्ध असताना अदमासाची खूण लावणे हा त्या साधनावर अन्याय होईल.

प्रस्तावकांचे उत्तर

विवाद्य तिथींना ‘सर्का’ लावू नये, हे मला पूर्ण मान्य आहे आणि इंग्रजीतही जाणकार लेखक तसे करत नाहीत. जोडवर्षाबद्दलही दुमत नाही. परंतु नाणेघाटाच्या प्रत्येक उल्लेखाबरोबर अक्षरवटिकेची चर्चा छापायला जागा कोणाकडे आहे? संग्रहालयातील मूर्तीखालच्या पाटीवर चार ओळी मावतात. तिथे छोटी खूण हवी, आणि ‘सु.’चे पूर्णरूप ‘सुमारे’ असल्याने वाचक ती नेहमीच्या सैलपणाने वाचतो, ही माझी अडचण कायम आहे. ‘किर्का’ लिहायलाही माझी हरकत नाही.

प्रतिसाद २

चार ओळींत ‘अक्षरांवरून, इ. स. पू. पहिले शतक’ एवढे सहज मावते. त्यातला ‘अक्षरांवरून’ हा शब्द कोणत्याही लॅटिन चिन्हापेक्षा अधिक माहिती देतो. श्रवणबेळगोळच्या ओळीबाबत मी ‘शक कोरलेला नाही, दहावे ते बारावे शतक’ असे लिहीन. परीक्षेत एकच वर्ष विचारतात म्हणून इतिहासाने एकच वर्ष पुरवावे, ही अट मला मान्य नाही.