बचत गटाचं कर्ज आणि 'महिना एक टक्का'

बचत गटाच्या कर्जाबद्दल बऱ्याचदा म्हणतात की महिना एक टक्का व्याज म्हणजे वर्षाला बाराच टक्के. हे हप्ता कसा बांधलाय त्यावर ठरतं. ३०,००० रुपये, १२ महिने, १२ टक्के सरळ दर (म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण ३०,००० वरच व्याज): व्याज ३,६००, हप्ता २,८००. पण मुद्दल तर दरमहा फिटत जातं! घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावर मोजलं तर हाच दर साधारण साडेएकवीस टक्के पडतो. शिवाय प्रक्रिया शुल्क आणि विमा आधीच कापले, तर हातात ३०,००० येतही नाहीत. म्हणून सही करण्याआधी वार्षिक खरा दर लिहिलेला कागद मागाच. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या मायक्रोफायनान्स (कमी उत्पन्नाच्या घरांना दिलेली छोटी, विनातारण कर्जं) नियमांनुसार बँका आणि मायक्रोफायनान्स कंपन्यांना तो द्यावाच लागतो. त्याच नियमांत घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत असं आहे, आणि मुदतीआधी फेडल्यास दंड नाही.

हप्ता धंद्याला जुळणाराही हवा. मार्केट यार्डातून माल उचलून हातगाडीवर विकणाऱ्या बाईला रोज रोकड मिळते, तिला साप्ताहिक हप्ता झेपतो. शेळीपालनाला तोच हप्ता लावला की पहिली विक्री होईपर्यंत हप्ते घरखर्चातून जातात, मग दुसरं कर्ज निघतं. कर्ज बहुधा इथंच बुडतं, नियत वाईट असल्यामुळे नाही.

आणि एकीच्या नावावर दुसरीनं कर्ज घेणं कृपया गटात चालू देऊ नका. थकलं की वसुली जिच्या नावावर आहे तिच्याकडेच येते, सिबिलही (कर्जफेडीची नोंद) तिचंच खराब होतं.